धक्का

मंगळवारी रात्री पावणेबाराला
मी फक्त टेस्ट चालवल्या होत्या.
विक्रोळीच्या ऑफिसात एसी बंद, तन्वीर पँट्रीत डबा धूत होता,
आणि एका फंक्शनने, ज्याचं काम एवढंच की
रिपोर्टची स्थिती ठरवायची,
स्थिती ठरवली, आणि जाता जाता
एसेमेस पाठवले. तीनशे बारा. खरे.

बुधवारी साडेसातला मुलुंडच्या लॅबच्या पायरीवर
शटर वर जाण्याआधीच येऊन बसलेले चुरी.
फोनवर आमचं वाक्य उघडं:
सुलभा चुरी यांचा रिपोर्ट तयार आहे.
सुलभाबाई नोव्हेंबरात गेल्या.
ते भांडले नाहीत. एवढंच विचारलं,
"अजून एक राहिला होता का हो?"

काउंटरवरच्या मुलीने मला हे फोनवर सांगितलं.
मी "बघते" म्हणाले.

आठ दिवस बघतच होते.
कोडात कुठे कुठे जगाला हात लागलेत:
इथे मध्येच घड्याळ बघितलंय, तिथे नाणं उडवलंय,
या इफच्या पोटात दडून सर्व्हरला हाक मारलीय.
आणि टेस्टमध्ये आम्ही उभे केलेले
खोटा सर्व्हर, खोटं घड्याळ, खोटा डेटाबेस,
एका साध्या प्रश्नासाठी चौदा खोट्यांची रांग.
पंधरावं विसरलो. ते खरं निघालं.

पप्पा इंदिरा डॉकला क्रेनचे इशारेवाले.
आयुष्यात एक पेटी उचलली नाही त्यांनी.
तर्जनी वर, गोल फिरवली: उचल.
खाली रोखून फिरवली: उतरव.
आडवा पंजा: थांब.
वजन दुसऱ्याच्या हातात, साठ फूट वर, केबिनमध्ये.
परीक्षेआधी सराव स्वयंपाकघरात चालायचा.
मी चौथीत, ओट्यावर बसून, पुस्तिका मांडीवर:
"वारा सुटलाय, पेटी अर्ध्यात लटकतेय, खाली माणूस आलाय. काय?"
हात उत्तर द्यायचे.
चुकले तर मी खिदळायचे,
पण मागच्या फळीवरचं डाळीचं भांडंसुद्धा हलायचं नाही.
वीस वेळा विचारा, वीस वेळा तोच पंजा.

नवव्या दिवशी तन्वीरला म्हटलं,
हे फंक्शन पाठवतं कशाला? नुसतं सांगू दे.
म्हणजे?
म्हणजे चिठ्ठी परत करू दे. कुणाला, काय, कधी.
वेळसुद्धा त्याने विचारायची नाही, आपण हातात द्यायची.
"मग पाठवणार कोण? कुणीतरी पाठवायला तर हवंच."
हवंच.
काहीच न पाठवणारा प्रोग्राम घेऊन काय करायचं,
कुणाच्या तरी आईचा रिपोर्ट खरंच तयार असतो.

म्हणून अगदी कडेला एक फाइल केली, नाव ठेवलं धक्का.
जगाची जहाजं इथेच लागतील, आत नाही.
धक्का मुद्दाम मठ्ठ: चिठ्ठी घे, वाच, कर.
जिथे विचार, तिथे हात नाहीत;
जिथे हात, तिथे विचार नाही.
ऐकायला बरं वाटतं. पण गेटवे पडला की पुन्हा पाठवायचं,
ते लिहिताना दमछाक झाली,
आणि धक्क्यावर शेवटी दोन इफ आलेच.

मग ती टेस्ट लिहिली.
दिलेलं: एक नोंद, मृत्यूची तारीख भरलेली, रिपोर्ट तयार.
अपेक्षा: रिकामी यादी.
चार मिलिसेकंद. हिरवं.
खोटं एकही लागलं नाही,
कुठे काही वाजलं नाही.
तन्वीरने टाळी दिली. मी आणखी दोनदा चालवली,
उगाच.

रविवारी पप्पांना सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, धक्का, रिकामी यादी.
ते शेंगा सोलत होते. मान हलवली,
"बरोबर. इशाऱ्याने उचलायचं नसतं."
मग थोड्या वेळाने,
"आणि तो खाली उभा होता, त्याला काय सांगितलंस?"

चुरींचा नंबर नोंदीत होता.
हे काम कुठल्या यादीत घालून
परत करता येईना.
मी गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं,
आणि फोन लावला. खरा.